सॉस पातळ, भाज्या कोरड्या

वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील एका उत्तरात, भाज्या आणि चीज घालून केलेला बेक्ड पास्ता हा नवख्या माणसालाही सहज जमणारा पदार्थ आहे, असे मी सहज लिहून गेले. त्यावर आलेली पत्रे पाहता तो सर्वांना सहज जमतो असे दिसत नाही. कुणाचा पास्ता कोरडा पडला आहे, कुणाच्या भांड्यात तळाशी पाणी साचले आहे, कुणाचे चीज रवाळ झाले आहे. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांपैकी बहुतेकींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे पाण्याचा चुकलेला हिशेब. त्यामुळे या वेळचे सदर एकट्या बेक्ड पास्त्याला दिले आहे.

प्रश्न : मी पास्ता पाकिटावर लिहिल्याप्रमाणे अकरा मिनिटे उकडते, छान दाट व्हाइट सॉस करते, त्यात भाज्या आणि चीज मिसळून बेक करते. ओव्हनमध्ये ठेवताना मिश्रण अगदी मलईदार दिसते. बाहेर काढल्यावर मात्र सुरीने वड्या पाडाव्यात इतके घट्ट झालेले असते. एवढा सॉस जातो कुठे?

उत्तर : तो पास्त्याच्या पोटात जातो. वाळलेला पास्ता उकडल्यावर त्याचे वजन साधारण दुप्पट होते आणि ही सगळी वाढ पाण्याची असते. पास्ता उकडून निथळला की त्याची तहान भागली असे आपण धरून चालतो, पण ती भागलेली नसते. गरम सॉसमध्ये वीस-पंचवीस मिनिटे राहिलेला पास्ता आजूबाजूचे पाणी शोषतच राहतो. वरच्या बाजूने थोडे पाणी वाफ होऊन उडून जाते, आणि मैद्यातील स्टार्चमुळे उरलेला सॉस निवताना आणखी आळतो. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करत असल्यामुळे, कढईत अगदी बरोबर वाटलेला सॉस ताटात येईपर्यंत हमखास जास्त घट्ट होतो. तेव्हा ओव्हनमध्ये जाताना सॉस ‘हे काहीतरी चुकलेच’ असे वाटावे इतका पातळ असायला हवा. हे पटायला मला स्वतःलाही बराच काळ लागला, कारण पातळ सॉस पाहिला की हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो.

चार-पाच जणांसाठी माझे प्रमाण असे आहे : २५० ग्रॅम पास्ता, ४० ग्रॅम बटर, ४० ग्रॅम मैदा, ८०० मिलिलिटर दूध, २०० ग्रॅम चीज (१२० सॉससाठी, ८० वर पसरायला राखलेले) आणि चिरलेल्या मिश्र भाज्या सुमारे ५०० ग्रॅम. घरी वजनकाटा नसेल तर बटर तीन मोठे चमचे आणि मैदा पाच सपाट मोठे चमचे घ्यावा. याच पास्त्याला अनेक कृतींमध्ये अर्धा लिटर दूध सांगितलेले असते. ते प्रमाण सॉस लगेच खायचा असेल तर ठीक आहे, बेक करण्यासाठी ते अपुरे पडते.

दुसरा बदल उकडण्याच्या वेळेत करावा लागेल. पाकिटावरची वेळ हा पास्ता थेट ताटात वाढायचा आहे असे गृहीत धरून लिहिलेली असते. तुमच्या पाकिटावर अकरा मिनिटे असतील तर आठव्या मिनिटाला एक तुकडा बाहेर काढून दाताने तोडून पाहावा. तोडलेल्या कडेवर, मधोमध, कच्च्या पिठाचा पांढरा ठिपका किंवा बारीक रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत असतानाच गॅस बंद करावा. चाखल्यावर तो कच्चट लागेल आणि तसाच लागायला हवा, कारण उरलेले शिजणे ओव्हनमध्ये होणार आहे. निथळण्यापूर्वी ते उकडलेले पाणी कपभर बाजूला काढून ठेवावे. त्यात उतरलेल्या स्टार्चमुळे सॉस न फाटता सैल करता येतो.

सॉसचा अंदाज नजरेपेक्षा चमच्याने घेणे चांगले. लाकडी चमचा सॉसमध्ये बुडवून बाहेर काढावा आणि त्याच्या पाठीवर बोटाने आडवी रेघ ओढावी. रेघ काही क्षण टिकली आणि मग वरच्या कडेचा सॉस सावकाश ओघळून तिच्यात उतरू लागला, तर तो बेक करण्याजोगा आहे. रेघ जशीच्या तशी राहिली तर पास्त्याचे राखून ठेवलेले पाणी थोडे थोडे घालून तो सैल करावा. पास्ता आणि भाज्या मिसळल्यावर भांड्यात सगळीकडे सॉस दिसला पाहिजे, आणि भांडे किंचित तिरपे केले तर तो एका बाजूला वाहत गेला पाहिजे.

पुढचे काम थोडे आहे. सुमारे अडीच लिटर मावेल अशा बेकिंगच्या भांड्याला आतून बटर लावून मिश्रण ओतावे, राखलेले चीज वर पसरावे आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १९० अंश सेल्सिअसवर २० ते २५ मिनिटे ठेवावे. पंखा चालणाऱ्या ओव्हनमध्ये तापमान २० अंशांनी कमी ठेवावे. आतील सर्व पदार्थ आधीच जवळपास शिजलेले आणि गरम असल्यामुळे येथे फक्त सगळे एकजीव करून वरचा थर खरपूस करायचा आहे. कडेने बुडबुडे येऊ लागले आणि वर सोनेरी ठिपके दिसले की भांडे बाहेर काढावे. ‘आणखी पाच मिनिटे राहू द्यावे’ हा विचार मनात येतो, तो टाळावा. कोरड्या पास्त्याचे निम्मे श्रेय त्या पाच मिनिटांचे असते. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे हात न लावता ठेवले की सैल वाटणारा सॉस आपोआप बसतो.

प्रश्न : माझ्या व्हाइट सॉसमध्ये नेहमी गुठळ्या होतात. दूध कधी थंड घालून पाहिले, कधी गरम, तरी फरक पडत नाही. शिवाय कितीही चीज घातले तरी मागे कच्च्या मैद्याची चव राहते.

उत्तर : दूध थंड की गरम हा वाद बराच रंगवला जातो. माझ्या अनुभवात मात्र त्यापेक्षा पहिले अर्धा कप दूध तुम्ही कसे घालता हे महत्त्वाचे ठरते. गुठळी म्हणजे कोरड्या पिठाचा गोळा असतो. त्याच्या बाहेरच्या कणांना गरम दूध मिळाले की ते फुगतात आणि चिकट कवच तयार करतात, मग आतल्या पिठापर्यंत दूध पोहोचत नाही. बटरमध्ये मैदा आधी परतायचा तो याचसाठी, की प्रत्येक कणाला स्निग्धांशाचे आवरण मिळावे आणि कण एकमेकांना चिकटू नयेत.

मध्यम आचेवर बटर वितळवून त्यात मैदा घाला आणि तारेच्या व्हिस्कने फिरवत राहा. सुरुवातीला मिश्रण ओल्या वाळूसारखे दिसते. मिनिटभरात ते सैल होऊन त्यावर फेस येतो आणि ओल्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास येऊ लागतो. रंग बदलण्याच्या आत, म्हणजे साधारण दोन मिनिटांनी, भांडे आचेवरून खाली घ्या. आता फक्त अर्धा कप दूध घालून जोरात फेटा. मिश्रण एकदम गोळ्यासारखे आवळते आणि सगळे बिघडल्यासारखे वाटते. घाबरून सगळे दूध ओतण्याची चूक नेमकी येथेच होते. तो गोळा गुळगुळीत होईपर्यंत फेटा, मग आणखी अर्धा कप घाला, पुन्हा फेटा. मिश्रण मलमासारखे एकसंध झाले की उरलेले दूध एका धारेत घातले तरी चालते.

कच्च्या चवीचा उपाय वेळ हाच आहे. सॉस दाट झाला म्हणजे शिजला असे नाही. तो एकदा उकळू द्यावा आणि त्यानंतर मंद आचेवर, तळ खरवडत, आणखी पाच ते सात मिनिटे ठेवावा. चीज त्यानंतर. चीज घातल्यावर सॉस उकळणे योग्य नसल्यामुळे मैदा शिजवण्याची संधी तुम्हाला चीज घालण्यापूर्वीच मिळते. नंतर कितीही चीज घातले तरी ती चव झाकली जात नाही, हे तुम्ही अनुभवलेच आहे.

एवढे करूनही गुठळ्या राहिल्याच तर सॉस बारीक चाळणीतून गाळून घ्यावा. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मीठ, पांढरी मिरी, किसलेले जायफळ चिमूटभर आणि अर्धा लहान चमचा मोहरीची पूड एवढे मसाले मी घालते. मोहरीची चव वेगळी कळून येत नाही, चीजची मात्र खुलते.

प्रश्न : सॉस गुळगुळीत होतो, पण चीज घातल्याबरोबर तो रवाळ होतो आणि कडेने तेल सुटते. चीज चांगल्या प्रतीचे, भरपूर मुरवलेले वापरले होते. मग असे का व्हावे?

उत्तर : तुमच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. चीज म्हणजे प्रथिनांच्या जाळ्यात धरून ठेवलेले पाणी आणि स्निग्धांश. उष्णता वाढली की हे जाळे आवळते, पाणी आणि तेल पिळून बाहेर पडतात, आणि प्रथिनांचे बारीक कण उरतात. जिभेला लागणारा रवाळपणा तोच. चीज जसजसे मुरते तसतशी ही प्रथिने तुटत जातात, त्याची चव वाढते, पण तेल धरून ठेवण्याची ताकद कमी होते. खूप मुरवलेले, कोरडे चीज म्हणूनच सॉससाठी एकट्याने वापरू नये.

मी सॉससाठी १२० ग्रॅम घेते : त्यात बहुतांश मध्यम मुरवलेले चेडर आणि मूठभर पार्मेसनसारखे कडक चीज, तेही चवीपुरते. मोझरेला वरच्या थरासाठी, ८० ग्रॅम. मोझरेलाला तार येते, ती वरच्या थरात हवीशी वाटते. सॉसमध्ये मात्र त्याच तारांच्या दोऱ्या होतात आणि चमच्याभोवती गुंडाळतात.

चीज घालण्याची रीतही महत्त्वाची आहे. सॉस आचेवरून खाली घ्यावा, दोन मिनिटे थांबावे आणि ताजे किसलेले चीज मूठमूठ घालून प्रत्येक मूठ विरघळल्यावरच पुढची घालावी. सॉसमध्ये आधीच असलेला स्टार्च प्रथिनांना एकत्र येण्यापासून थोपवतो, पण भांडे आचेवर असेल तर तो फार काळ टिकाव धरत नाही. पाकिटातील तयार किसलेल्या चीजला तुकडे चिकटू नयेत म्हणून सेल्युलोज किंवा स्टार्चची भुकटी लावलेली असते. ते वरून पसरायला चालते, सॉसमध्ये मात्र पिठूळ लागू शकते. लादीचे चीज घरी किसायला पाच मिनिटे लागतात, ती द्यावीत.

प्रोसेस्ड चीज वापरण्याची अनेकांना लाज वाटते, असे पत्रांवरून दिसते. ती अनाठायी आहे. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. ते चीजमधील कॅल्शियम बांधून ठेवतात, त्यामुळे प्रथिने सैल होतात आणि तेल सुटत नाही. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये हा प्रकार प्रथम तयार झाला तो याच तत्त्वावर. चव साधी असते हे खरे. एकूण चीजपैकी पाव हिस्सा प्रोसेस्ड घातले तर उरलेले चांगले चीजही नीट वितळते, आणि ते घातल्याचे खाणाऱ्याला कळत नाही.

प्रश्न : झुकिनी, मश्रूम, पालक आणि टोमॅटो घालून पास्ता केला. वरून सुरेख दिसत होता. वाढताना तळाशी वाटीभर पांढरट पाणी निघाले आणि सॉस फाटल्यासारखा दिसला. भाज्या कच्च्या घातल्या हे चुकले का?

उत्तर : कच्च्या घातल्या हे तर चुकलेच, पण निवडही अशी आहे की चारही भाज्यांत वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. ओव्हनच्या वीस मिनिटांत हे पाणी बाहेर पडते, पण उडून जायला त्याला वाट नसते, कारण वर चीजचे झाकण असते. सॉस पातळ ठेवा असे मी वर सांगितले, त्याचा अर्थ भाज्यांनी तो पातळ करावा असा नाही. सॉसमधले पाणी स्टार्चने बांधलेले असते आणि पास्ता ते सावकाश शोषतो. भाज्यांचे पाणी मोकळे असते आणि सरळ तळाशी जाते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ओव्हन नाहीतरी तापवायचाच आहे, तर त्यात भाज्या आधी भाजून घेणे. फ्लॉवर, ब्रोकोली, ढोबळी मिरची, झुकिनी आणि गाजर यांचे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे तेल-मीठ लावून पसरट ट्रेमध्ये एकाच थरात ठेवावेत आणि २०० ते २२० अंशांवर साधारण २० मिनिटे, कडा तपकिरी होईपर्यंत भाजावेत. गाजराचे तुकडे इतरांपेक्षा लहान असावेत. ट्रेमध्ये गर्दी केली तर भाज्या भाजण्याऐवजी स्वतःच्याच वाफेत उकडतात. ५०० ग्रॅम भाज्या भाजल्यावर फार थोड्या दिसतात, म्हणून हळहळ वाटते. कमी झाले ते पाणी, आणि तेच तुम्हाला नको होते. तपकिरी कडांची चव सॉसमध्ये उतरते, हा वरचा फायदा. साध्या पांढऱ्या सॉसला या चवीची फार गरज असते.

मश्रूमला वेगळी वागणूक द्यावी लागते. रुंद तव्यावर, तेल न घालता, जाडसर काप पसरावेत आणि कान द्यावा. आधी चुरचुर ऐकू येते, मग पाणी सुटून खदखदण्याचा आवाज येतो, आणि ते पाणी आटले की पुन्हा चुरचुर सुरू होते. त्या दुसऱ्या चुरचुरीला बटर घालावे, दोन मिनिटे परतावे आणि मीठ शेवटी घालावे. पालक चिमूटभर मीठ घालून मिनिटभर परतावा, निवू द्यावा आणि मुठीत घट्ट पिळून बारीक चिरावा. मूठभर पालकातून अर्धी वाटी पाणी निघते तेव्हा आदल्या वेळी ते कुठे गेले होते हे वेगळे सांगावे लागत नाही. मटार आणि मक्याच्या दाण्यांना यातले काहीच लागत नाही.

टोमॅटोचा प्रश्न पाण्यापुरता नाही, आम्लाचाही आहे. आम्ल वाढले की दुधातील केसीन हे प्रथिन गोळा होऊ लागते, आणि दूध गरम असेल तर त्याला थोडेसे आम्लही पुरते. फाटल्यासारखे दिसले ते त्यामुळे. टोमॅटो हवाच असेल तर त्याचा रस तव्यावर दाट होईपर्यंत आटवून भांड्याच्या तळाशी वेगळा थर द्यावा आणि त्यावर पांढऱ्या सॉसमधला पास्ता ओतावा. मिसळायचा झाल्यास सॉस पूर्ण शिजून आचेवरून उतरल्यावर दोन-तीन चमचे आटवलेला टोमॅटो मिसळावा. दाट झालेला सॉस तेवढे सहन करतो.

प्रश्न : पास्ता उकडताना पाण्यात तेल घालावे का? आणि उकडल्यावर थंड पाण्याने धुवावा का?

उत्तर : दोन्ही नको. तेल पाण्यावर तरंगत राहते आणि निथळताना पास्त्याला लागते, मग त्यावर सॉस धरत नाही. चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटे ढवळणे पुरते. मीठ मात्र पाण्यातच घालावे, लिटरमागे आठ-दहा ग्रॅम. पास्ता धुतल्यास सॉसला धरून ठेवणारा स्टार्च निघून जातो. तो सॉसची वाट पाहत अर्धा तास पडून राहणार असेल तरच धुण्याला अर्थ आहे, पण मग सॉस आधी का करू नये?

प्रश्न : बेशामेल, मॉर्ने आणि व्हाइट सॉस यांत फरक काय? आणि मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर चालेल का?

उत्तर : बटर, मैदा आणि दूध यांचा सॉस म्हणजे बेशामेल, त्यालाच घरोघरी व्हाइट सॉस म्हणतात. त्यात चीज मिसळले की मॉर्ने. बेशामेलचे नाव चौदाव्या लुईच्या दरबारातील लुई द बेशामेल यांच्यावरून पडले आहे. ते गृहस्थ स्वयंपाकी नव्हते, पैशांचे व्यवहार पाहणारे होते, त्यामुळे नावापलीकडे त्यांना श्रेय देण्याची घाई करू नये.

कॉर्नफ्लोअर चालेल. ते मैद्याच्या साधारण दुपटीने दाट करते, म्हणून ४० ग्रॅम मैद्याऐवजी २० ग्रॅम पुरे. ते थंड दुधात कालवून उकळत्या दुधात घालावे, परतू नये. सॉस अधिक चकचकीत होतो, पण गोठवून पुन्हा गरम केल्यास पाणी सोडतो. गव्हाचे पीठ, म्हणजे कणीक, वापरल्यास रंग थोडा काळसर येतो आणि किंचित खरखर राहते. ज्यांना चालते त्यांनी जरूर वापरावी.

प्रश्न : माझ्याकडे ओव्हन नाही, फक्त गॅस आणि साधा मायक्रोवेव्ह आहे. मी हा पदार्थ विसरूनच जावा का?

उत्तर : विसरू नये, पण अपेक्षा थोडी बदलावी. साध्या मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ गरम होतो, वरचा थर तपकिरी होत नाही आणि चीज चिवट होते. त्यापेक्षा गॅसवर जाड बुडाच्या पसरट भांड्यात मिश्रण घालावे, वर चीज पसरावे, घट्ट झाकण लावावे आणि खाली तवा ठेवून अगदी मंद आचेवर दहा-बारा मिनिटे ठेवावे. पाण्याची वाफ बाहेर जात नसल्यामुळे येथे सॉस थोडा दाट चालतो. खरपूसपणाची उणीव वेगळी भरून काढावी : ब्रेडचा जाडसर चुरा चमचाभर बटरमध्ये, किसलेल्या लसणासह, सोनेरी होईपर्यंत परतावा आणि वाढताना वर भुरभुरावा. खरे सांगायचे तर ओव्हन असूनही मी कधीकधी हेच करते. चुरा शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतो, चीजचा थर तितका वेळ राहत नाही.

एअर फ्रायर असलेल्या एका वाचकाने वरचा थर जळून आत थंड राहिल्याचे लिहिले आहे. त्यातील पंखा जोरात असतो. पसरट, उथळ भांडे घ्यावे, पहिली दहा मिनिटे फॉइल भांड्याच्या कडेखाली घट्ट दुमडून झाकावे, आणि १७० अंशांवर ठेवून शेवटची चार-पाच मिनिटेच उघडे करावे.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. पार्मेसन शाकाहारी नसते असे ऐकले. मग सगळेच चीज टाळावे का?

उत्तर : सगळे टाळण्याची गरज नाही, वेष्टन मात्र वाचावे लागेल. दूध विरजून चीज करण्यासाठी रेनेट वापरतात आणि पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून मिळवतात. इटलीतील मूळ पार्मिजानो रेज्जानो या चीजच्या नियमांत वासराचेच रेनेट सांगितलेले आहे, त्यामुळे ते शाकाहारी असू शकत नाही. याउलट आज बाजारातील पुष्कळसे चेडर आणि मोझरेला सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने केलेले असते. सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेल्या कायमोसिन या, रेनेटमधील मुख्य विकराला अमेरिकेत १९९० साली मान्यता मिळाली आणि त्याचा वापर झपाट्याने वाढला. वेष्टनावर ‘मायक्रोबियल रेनेट’ किंवा ‘शाकाहारी रेनेट’ असे लिहिलेले असेल तर शंका नको. नुसते ‘रेनेट’ असेल तर उत्पादकाला विचारावे. शाकाहारी रेनेटने केलेली पार्मेसनच्या धर्तीची कडक चीजही मिळतात आणि या पदार्थात ती मुळीच उणी पडत नाहीत.

प्रश्न : पाहुणे संध्याकाळी यायचे आहेत आणि मी दिवसभर कामावर असते. आदल्या रात्री सगळे करून ठेवता येईल का? उरलेला पास्ता किती दिवस टिकतो?

उत्तर : करून ठेवता येईल, पण फ्रीजमध्येही पास्ता सॉस पीतच राहतो हे लक्षात घ्यावे. माझी पसंती अशी : भाज्या भाजून आणि सॉस करून आदल्या रात्री वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. सॉसवर साय धरू नये म्हणून त्याच्या पृष्ठभागाला टेकेल असा बटर पेपर लावावा. संध्याकाळी पास्ता उकडत असतानाच सॉस मंद आचेवर थोड्या दुधासह गरम करावा. यात वीस मिनिटे जातात आणि पास्ता ताजा राहतो.

तेवढाही वेळ नसेल तर सगळे एकत्र करूनच ठेवावे. मात्र पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा चार मिनिटे कमी उकडावा आणि सॉसमध्ये दीडशे मिलिलिटर दूध वाढवावे. थंड भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नये, काचेचे असेल तर तडकण्याचा धोका असतो. अर्धा तास बाहेर ठेवावे, मग फॉइलने झाकून १८० अंशांवर २५ मिनिटे आणि उघडे करून आणखी १५ मिनिटे बेक करावे. मध्यभागी सुरी खुपसून दहा सेकंदांनी बाहेर काढावी. पाते चांगले गरम लागले तर आतपर्यंत उष्णता पोहोचली आहे.

उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. गरम करताना प्रत्येक वाढीवर दोन चमचे दूध शिंपडून झाकावे. गोठवायचा असेल तर बेक करण्यापूर्वी, लहान भांड्यांत भरून गोठवावा. दोन महिने चांगला राहतो.

प्रश्न : आमच्या घरी कोपऱ्यातल्या खरपूस तुकड्यांवरून भांडणे होतात. ते वाढवता येतील का?

उत्तर : भांडे बदलावे. खोलगट भांड्याऐवजी पसरट भांडे घेऊन मिश्रणाची उंची चार सेंटिमीटरपर्यंत ठेवली की वरचा थर जवळपास दुप्पट होतो. त्याबरोबर पाणीही जास्त उडते, म्हणून आणखी शंभर मिलिलिटर दूध घालावे. भांड्याच्या कडांना बटर लावल्यावर किसलेले कडक चीज चिकटवावे. बेक होताना त्याची जाळीदार, कुरकुरीत किनार तयार होते. भांडे धातूचे असेल तर ती काचेच्या भांड्यापेक्षा अधिक तपकिरी होते. शेवटची दोन मिनिटे वरचा ग्रिल लावता येईल, पण तेवढा वेळ ओव्हनसमोरून हलू नये, सोनेरी रंगाचा काळा व्हायला त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.